झोपलात का?

जगातल्या सगळ्या प्रश्नांत 'झोपलात का?' हा प्रश्न बहुधा सर्वांत निरुपयोगी असावा. ज्याला तो विचारायचा तो जागा असेल तर उत्तर उघडच आहे. आणि तो झोपला असेल तर प्रश्न कानी पडताच जागा होतो. म्हणजे विचारण्यापूर्वी जे खरे होते ते विचारल्यामुळेच खोटे ठरते. तरीही हा प्रश्न घरोघर रोज रात्री विचारला जातो, आणि त्याला 'हो!' असे ठणठणीत उत्तर देणारी माणसेही प्रत्येक घरात असतात.

माझा उदरनिर्वाह याच प्रश्नावर चालतो असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. पण गोष्ट खरी आहे. संगणकाच्या आतली निरनिराळी उपकरणे झोपली आहेत की जागी आहेत, आणि ती झोपली आहेत असे ज्याला वाटते त्याचे वाटणे बरोबर आहे की नाही, एवढेच पाहण्याचा मला पगार मिळतो.

हे 'वाटणे' ज्याच्याकडे असते त्याला आमच्या धंद्यात 'कर्नल' म्हणतात. कार्यप्रणालीचा हा अगदी आतला गाभा. पडद्यावर आपल्याला जे काही दिसते त्या सगळ्याच्या खाली बसून तो प्रत्येक चिपला कामाला लावतो आणि वेळ आली की विश्रांतीला पाठवतो. सैन्यातल्या कर्नलशी त्याचे काहीही नाते नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. मी 'कर्नलचे काम करतो' हे कानावर गेल्यापासून ते जिन्यात भेटले की किंचित ताठ उभे राहतात. त्यांचा गैरसमज दूर करण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. शिवाय तो गैरसमज सर्वस्वी चुकीचा आहे असेही मला वाटत नाही. आज्ञा देणे, तिची नोंद करणे आणि आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेलीच असे धरून चालणे, ही तीनही कामे आमचा कर्नल मोठ्या शिस्तीने करतो. आमची पंचाईत होते ती तिसऱ्या कामामुळे.

उपकरणांना झोपवायचे कशासाठी, असे कुणी विचारील. विजेसाठी. पूर्वीचा संगणक भिंतीतल्या विजेवर चालायचा, तो जागा राहिला तर बिल वाढायचे इतकेच. संगणक मांडीवर आला, मग खिशात गेला, आणि वीज मोजून मापून खर्च करायची वेळ आली. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' नावाची एक नियमावली प्रसिद्ध केली. तीत उपकरणांच्या झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. 'डी-शून्य' म्हणजे टक्क जागे. 'डी-एक' आणि 'डी-दोन' म्हणजे डुलकी. 'डी-तीन' म्हणजे गाढ झोप. पुढे या गाढ झोपेचेही दोन प्रकार झाले : एक 'उष्ण' आणि एक 'थंड'. उष्ण झोपेत चिपला थोडी धुगधुगी असते, हाक मारली तर ती ऐकू जाते. थंड झोपेत तिची वीजच काढून घेतलेली असते. तिथे हाक मारणे म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणे.

लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा कर्नल आज जगभरच्या यंत्रांत बसलेला आहे. सगळा संगणक चालू असताना त्यातले एखादे रिकामे बसलेले उपकरण तेवढे झोपवायचे, आणि गरज पडताच चटकन उठवायचे, याची एकसारखी पद्धत लिनक्समध्ये आली ती २००९ च्या डिसेंबरमध्ये. राफाएल विसोत्स्की या पोलिश माणसाचा तीत मोठा वाटा आहे. या पद्धतीत प्रत्येक उपकरणापुढे चारांपैकी एक शेरा असतो : जागे, झोपी जात असलेले, झोपलेले, उठत असलेले. मला यातला एक नियम फार आवडतो. उपकरणांत आईबाप आणि मुले असे नाते लावलेले असते, आणि मूल जागे असेपर्यंत आईने सहसा झोपायचे नाही असा दंडक आहे. हा दंडक लिहिणाऱ्याने तो कुठल्या घरात पाहिला असेल ते मला ठाऊक नाही. पण त्याने घरे पाहिली होती खास.

दुसरा नियम मोजदादीचा. समजा, पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा आहे. जो रात्री बाहेर जाईल त्याने कोनाड्यात एक खडा ठेवायचा, आणि परत आला की एक खडा उचलायचा. कोनाडा रिकामा झाला की शेवटच्याने अडसर घालून खुशाल झोपी जावे. कर्नलमध्ये असाच कोनाडा प्रत्येक उपकरणापाशी आहे. ज्याला उपकरण हवे त्याने एक खडा ठेवायचा, काम झाले की उचलायचा; कोनाडा रिकामा झाला की उपकरणाने झोपायचे. इतकी सोपी गोष्ट, पण तीत किती घोटाळे होतात म्हणून सांगू! कुणी खडा ठेवतो आणि उचलायचे विसरतो. मग दरवाजा रात्रभर सताड उघडा. कुणी एकाऐवजी दोन उचलतो. मग कुणीतरी बिचारा बाहेर थंडीत कुडकुडत राहतो. त्यातही एक गमतीची तऱ्हा होती. उपकरणाला उठवायला गेलेला माणूस आधी खडा ठेवायचा आणि मग हाक मारायचा. हाकेला ओ आली नाही तर तो 'काम झाले नाही' म्हणून तसाच चालता व्हायचा. ठेवलेला खडा तिथेच! जे काम झालेच नाही त्याचाही खडा परत उचलायचा असतो हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नसे. अशा राहून गेलेल्या खड्यांच्या दुरुस्त्या लिनक्समध्ये किती जणांनी केल्या असतील याला सुमार नाही. अखेरीस २०२० साली एक नवी सोय झाली : उठवणे फसले तर खडा आपोआप परत उचलला जाईल. मनुष्यस्वभाव सुधारण्यापेक्षा कोनाडा सुधारणे सोपे, हे कर्नलच्या मंडळींना उशिरा का होईना पण कळले.

पण खड्यांचा हिशेब चोख असला तरी एक प्रश्न उरतोच. कोनाड्यात किती खडे आहेत ते आपण मोजले. दरवाजा खरोखर बंद आहे का, हे कुणी पाहिले?

इथे कर्नलची अडचण समजून घेतली पाहिजे. तो प्रत्येक उपकरणाजवळ जाऊन नाडी पाहत बसत नाही. त्याने 'झोप' अशी आज्ञा दिली आणि ती घेणाऱ्याने 'जी' म्हटले की वहीत 'झोपले' असे लिहून तो पुढे जातो. आणि समजा त्याने विचारायचे ठरवले, तरी विचारणार कसे? संगणकातल्या पुष्कळशा चिपा 'पीसीआय' नावाच्या मार्गावर बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एका कप्प्यात शेवटची दोन घरे झोपेची पायरी सांगण्यासाठी राखलेली आहेत. ती वाचायला जावे, तर थंड झोपेत गेलेली चिप मुळी बोलतच नाही. आणि या मार्गाची रीत अशी की कुणीच बोलले नाही म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती सगळीकडे 'एक'च येतात. त्या दोन घरांत दोन एक म्हणजे तीन. आणि तीन म्हणजे 'मी गाढ झोपले आहे'! मौज अशी की चिप उपटून बाहेर काढून ठेवली तरी हेच उत्तर मिळते. 'झोपलात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणारी माणसे फक्त आपल्याच घरात असतात असे नाही. अर्थात हे ठाऊक असल्यामुळे सगळे एक आले की त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, असे आता कर्नलला शिकवलेले आहे.

बरे, चिपला विचारण्यापूर्वी तिला वीज द्यावी, तर ती जागीच होते. पुष्कळदा चिपांची यादी पाहायची एक साधी आज्ञा दिली तरी कर्नल झोपलेल्या चिपांना उठवून मग यादी देतो. पाहणाऱ्याला त्या सगळ्या जाग्याच सापडतात, आणि 'ह्या कधी झोपतच नाहीत' अशी तक्रार तो घेऊन येतो. याबाबतीत जुन्या फिरत्या हार्ड डिस्का शहाण्या. तिला न उठवता तिच्या झोपेची चौकशी करता येईल अशी एक निराळी आज्ञाच तिच्या नियमावलीत आहे. डिस्क फिरू लागत नाही, पण 'मी विसावले आहे' असे हळूच सांगते. प्रश्न विचारण्याचीही एक रीत असते ती अशी.

एवढे सगळे पुराण सांगितले ते एका यंत्रासाठी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कोकणात उतरणाऱ्या एका ओढ्याच्या उगमाशी, पाऊस मोजणारे एक छोटे यंत्र बसवलेले होते. लोखंडी खांब, वर हातभर सौरपट्टी, खाली डबा. डब्यात १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि लिनक्सवर चालणारी एक पाटी. दर पंधरा मिनिटांनी पावसाचा आकडा खालच्या गावाला जायचा. गावाच्या आणि शाळेच्या मधे तो ओढा, आणि ओढ्यावर एक साकव. माथ्यावर पाऊस कोसळला की काही वेळाने खाली लोंढा येतो. आकडा ठरावीक रेषेवर गेला की गुरुजी साकवाच्या तोंडाशी बांबू आडवा लावायचे आणि मुलांना शाळेतच थांबवायचे. यंत्राचे काम एवढेच. खांबावर एक लहानसा कॅमेराही होता. तो दिवसातून दोनदा ओढ्याचे चित्र काढून पाठवायचा आणि मग झोपायचा.

आषाढात ते यंत्र मुके झाले. चार दिवस सूर्यदर्शन नव्हते. बॅटरी संपली असणार असे सगळ्यांनी म्हटले. पण हिशेबाप्रमाणे ती निदान पंधरवडा पुरायला हवी होती. बंद पडण्यापूर्वी यंत्राने पाठवलेली कर्नलची नोंद मी पाहिली. उपकरणे सगळी गुणी बाळासारखी झोपलेली! कॅमेऱ्यापुढे तर सलग तीन दिवसांहून अधिक गाढ झोपेची नोंद होती.

गावातल्या मंडळींनी बॅटरी बदलली, यंत्र सुरू झाले, आणि आठवड्याने पुन्हा तसाच पाऊस आणि तीच तऱ्हा होऊ लागली. त्या वेळी गुरुजी स्वतः छत्री घेऊन घाट चढून वर गेले. मी फोनवर होतो. माझ्या पडद्यावर कॅमेऱ्यापुढे 'झोपलेला' असा शेरा होता. मी तसे त्यांना सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या वहीत काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक. पण याचं अंग कोमट लागतंय. बाकी सगळा डबा बर्फासारखा गार आहे."

चाळीस वर्षे मुलांच्या कपाळाला हात लावून ताप ओळखणाऱ्या माणसाचा तो हात होता. मी वही मिटली आणि हात खरा मानला.

मग कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला झोपवण्या-उठवण्याचे नियम जिथे लिहिलेले असतात तो भाग, ओळीन्‌ओळ वाचला. तो चिपेबरोबर बाहेरून आलेला होता. उठवण्याची रीत त्यात अशी होती : आधी वीज सोडायची, मग चिपला नाव विचारायचे, तिने नाव सांगितले की 'उठली' म्हणून कळवायचे. घाटमाथ्यावरच्या गारठ्यात ती चिप एखादे दिवशी ठरलेल्या वेळात ओ द्यायची नाही. मग ड्रायव्हर कर्नलला सांगायचा, 'उठवणे जमले नाही.' कर्नलने काय समजावे? जी उठली नाही ती अर्थातच झोपलेली. त्याने वहीत लिहिले, 'झोपलेली'. आणि सोडलेली वीज? ती तशीच चालू! चिप उठलीही नव्हती आणि झोपलीही नव्हती. ती अर्धवट जागी होऊन, कामाविना, तासाला ८० मिलिअँपिअर-तास खात पडून होती. ७ अँपिअर-तासांना त्याने भागा : ८७ तास येतात, म्हणजे साडेतीन दिवस. त्यातून आणखी वाईट असे की एकदा उठवणे फसले म्हणून त्या यंत्रातला कर्नल कॅमेऱ्यापुढे एक फुली मारून ठेवी, आणि ती कुणी पुसेपर्यंत त्याला पुन्हा हाकही मारीत नसे. दोन वेळची चित्रे येईनाशी झाली होती. पण आषाढात त्या चित्रांत धुक्याशिवाय काय दिसणार, म्हणून त्यांचा अभाव कुणाला जाणवला नाही. उन्हाळ्यातही असे कधी झाले असेल. तेव्हा सूर्यनारायण रोजच्या रोज खड्डा भरून काढीत होता.

दुरुस्ती अवघ्या अकरा ओळींची निघाली. उठवता उठवता जिथे फसेल तिथून मागे वळायचे, जे जे केले ते ते उलट क्रमाने आवरायचे, वीज बंद करायची, आणि मगच अपयश कळवायचे. शिवाय ती फुली पुसून थोड्या वेळाने पुन्हा एकदा हाक मारून पाहायची. आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने सुचवले की दर मिनिटाला चिपलाच का विचारू नये? त्याला मी हिशेब करून दाखवला : या विचारण्यापायी ती दर मिनिटाला जागी होईल, आणि आजारापेक्षा औषधानेच बॅटरी मरेल. त्यापेक्षा तिच्या विजेच्या वाटेवर, उंबऱ्याबाहेर, एक तार होती. वीज आत जात आहे की नाही ते तिच्यावरून समजत होते. दाराच्या फटीतून दिवा दिसावा तसे. आता कर्नलची वही आणि ती तार यांची दिवसातून एकदा गाठ घालतात, आणि दोघांचे जमले नाही तर तार खरी मानतात.

गुरुजींनी त्या चार मुक्या दिवसांत काय केले, हे मी नंतर विचारले. ते म्हणाले, "काही नाही. आकडा येईना, तेव्हा बांबू लावूनच ठेवला. यंत्र गप्प आहे म्हणजे पाऊस नाही, असं कसं धरायचं?" हे वाक्य कर्नल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर लावून ठेवावे असे मला वाटले.

त्या अकरा ओळींनंतर मला एक खोड लागली. कुणाविषयी 'ते आता निवांत आहेत' असे ऐकले की मी मनातल्या मनात तार शोधू लागतो.

माझे एक मामा आहेत. त्यांचा खिळ्यांचा छापखाना होता. पुढे ऑफसेट आले, तो बंद पडला, आणि मामांनी एका सहकारी संस्थेत कारकुनी करून निवृत्ती घेतली. निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने घेतले की छापखाना पुन्हा उघडावा आणि हौशी लोकांना खिळ्यांच्या लग्नपत्रिका छापून द्याव्यात. त्यांनी गाळ्याचे कुलूप काढले, वीज जोडून घेतली, कागद आणून रचला. लग्नपत्रिका हल्ली मोबाइलवर येतात. सहा महिन्यांत चार गिऱ्हाइके आली. मामांनी जाणे सोडले. नातेवाइकांच्या वहीत त्यांच्या नावापुढे शेरा पडला : 'मामा आता निवांत. आराम करतात.' आणि मग, जरा कमी आवाजात, 'त्यांना आता कशात घालू नका.' म्हणजे फुलीदेखील मारून झाली.

मामी एकदा सहज म्हणाली, रात्री दोन-अडीचला हे गॅलरीत उभे असतात.

मी मामांना काही विचारले नाही. विचारले असते तर 'मजेत आहे रे' याशिवाय दुसरे उत्तर आले नसते. सगळीकडे एकच एक. मी एका रविवारी त्यांना म्हटले, "मामा, गाळ्याची किल्ली कुठे आहे?" आम्ही दोघे गेलो. विजेचा मीटर चालू होता, दर महिन्याचे किमान बिल ते पेन्शनमधून कुणाला न सांगता भरत होते. कागदाला वाळवी लागायला नुकती सुरुवात झाली होती. तीन रविवार आम्ही तिथे घालवले. शेवटी जे आणले होते ते आधी, पहिल्यांदा जे केले होते ते शेवटी, अशा क्रमाने एकेक आवरले. कागद एका वही बांधणाऱ्याला दिला. खिळे धुऊन, पुसून, केसांत घरच्या घरी लावले. ते काम मामांनी मला करू दिले नाही. यंत्राला तेल घालून वर चादर टाकली. वीज तोडण्याचा अर्ज मामांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, आणि सगळ्यांत शेवटी कुलूप लावले. कुलूप लावताना ते म्हणाले, "पुन्हा उघडायचं झालं तर आता सगळं जागच्या जागी आहे."

मामी म्हणते, तेव्हापासून त्यांना झोप बरी लागते. मामा म्हणतात, तसे काही नाही, पूर्वीही लागत होती.

मी दोघांचेही ऐकून घेतो. पण महिन्याच्या महिन्याला मामीला फोन करतो, आणि गॅलरीतल्या दिव्याची चौकशी करतो.